आठशे ग्रॅमची ओढ

रायपूरच्या गोल बाजारात, भांड्यांच्या गल्लीतून बाहेर पडताना चेतनाचा डावा गुडघा अचानक दुमडला, आणि ती खाली पडायच्या आतच कुणीतरी तिला उचललं. नुसता आधार दिला नाही, चक्क उचललं. एक हात पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली, आणि कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांसकट पंचावन्न वर्षांची चेतना गजभिये जमिनीपासून तीन फूट वर, गर्दीच्या डोक्यांच्या पातळीवर, दहा-बारा पावलं तरंगत गेली. त्या माणसाचं तोंडही तिला धड दिसलं नाही. बारदानाचा आणि घामाचा वास तेवढा आला. एका दुकानाबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्यानं तिला ठेवलं, "बैठो दीदी, आराम से," म्हणाला आणि हातगाडी ओढत निघूनही गेला. समोरच्या दुकानात कुकरची रिंग घेत असलेला तिचा नवरा लोकेश पिशवी सावरत धावत आला तेव्हा ती साडी नीट करत बसली होती. "काय झालं?" "काही नाही. कडी सरकली." "लागलं काय?" "नाही ना. म्हटलं ना, काही नाही." पण ऑटोत बसून गुढियारीला घरी येईपर्यंत तिच्या पाठीला तो अनोळखी हात तसाच लागलेला होता, आणि तो झटकून टाकावा असं तिला जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं. हेच तिला खुपत होतं.

दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. तेव्हापासून डावा पाय कॅलिपरमध्ये. पायाच्या दोन बाजूंना दोन पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, खाली बूट. गुडघ्यापाशी पट्टीला सांधा, आणि त्या सांध्यावर वरून सरकत येणारी एक चौकोनी कडी. उभं राहून पाय सरळ केला की कडी आपल्या वजनानं खाली घसरते, सांध्याला धरते, मग गुडघा दुमडत नाही. बसायचं झालं की बोटानं कडी वर ओढायची. सारं चालणं त्या काडेपेटीएवढ्या कडीवर. ती झिजली, सैल झाली, की पावलागणिक जराजरा वर सरकते, आणि एखाद्या दिवशी भांड्यांच्या गल्लीत सांधा सोडून देते.

कडी बदलायची तर आतापर्यंत मारोतीकाका होते. पलीकडच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहणारे, आयुष्यभर कॅलिपर बनवलेले मारोती डोंगरे. तिचे गेले चार कॅलिपर त्यांच्याच हातचे. दरवर्षी ते साध्या लोखंडाची कडी कानशीनं घासून बसवून देत, दरवर्षी ती झिजे. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचे हात थरथरत. चेतना दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली तेव्हा त्यांनी तिची जुनी कडी उजेडात धरून आतल्या कडा बघितल्या आणि मान हलवली. "हे साधं लोखंड हाय पोरी. झिजणारच. पक्कं केलेल्या पोलादाची पायजे. पण पक्क्या पोलादाले कानस लागत नाही, कानसच झिजते."

"मग मशिनवर कापून घेऊ?"

"घे ना. पण सांगून ठेवतो, तुह्या पट्ट्या मी हातानं घासल्या हायेत. चारही कडा चार परीच्या. डरॉइंगमधी नाही येनार ते."

हे त्यांनी चेतनाला सांगावं याची गंमत अशी, की एकतीस वर्षं ती रेल्वेच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्येच होती. वॅगनचे सांगाडे, दारं, ब्रेकच्या दांड्या, सगळं तिनं कागदावर काढलं होतं, आणि पुढे संगणकावर. पण ज्या शेडमध्ये ते कापलं जाई, ठोकलं जाई, तिथे ती फार तर पंधरा-वीस वेळा गेली असेल. "मॅडम, आप काहे को तकलीफ करते हो, हम ला के देते हैं न," असं म्हणून साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे तिला खुर्चीतच ठेवत. चांगली माणसं होती. त्यांच्या चांगुलपणापुढे एकतीस वर्षांत तिला एकदाही नीट रागावता आलं नव्हतं. मारोतीकाका म्हणाले ते मात्र खरं निघालं. औद्योगिक वसाहतीतल्या एका वायरकटवाल्याकडून, म्हणजे विजेच्या तारेनं पोलाद कापणाऱ्याकडून, तिनं कडी कापून घेतली, ड्रॉइंगबरहुकूम, आणि ती पट्टीवर चढेचना. दुसरी सैल झाली. तिसऱ्या खेपेला मालकानं फोन उचलला नाही. एका नगासाठी तो किती वेळा मशीन लावणार, हे तिलाही कळत होतं.

तिच्या घराच्या मागच्या खोलीत मात्र एक मशीन दोन वर्षांपासून उभं राहत होतं. सुरुवात झाली ती एका व्हिडिओपासून. परदेशातला कुणी दाढीवाला आपल्या तळघरात पितळी तारेनं पोलाद कापत होता. तार पोलादाला शिवतसुद्धा नव्हती. पाव मिलिमीटर जाडीची तार वरून खाली धावत होती, ती आणि पोलाद यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत ठिणग्या उडत होत्या, आणि पोलाद कणाकणानं झडून पाण्यात वाहून जात होतं. ना जोर, ना घासणं. चेतनानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि लोकेशला म्हणाली, "हे बसून करता येते." त्यानंतर दर महिन्याला काहीतरी पार्सल यायला लागलं. पुली, बेअरिंग, छोट्या मोटर, तारेचं रीळ. पाणी बॅटरीच्या दुकानातून कॅनमध्ये यायचं, कारण नळाच्या पाण्यातून वीज वाहते आणि ठिणगी धड पडत नाही. मालगाडीचा गार्ड म्हणून निवृत्त झालेला लोकेश कॅन उचलून आत आणून ठेवायचा आणि दारात उभा राहून म्हणायचा, "आता काय काय कापशील?" "जे कापायचं ते." खरं तर तेव्हा काय कापायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. मशीन जुळत होतं आणि संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर पाय कॅलिपरमधून मोकळा करून त्याच्यापुढे स्टुलावर बसलं की डोकं शांत व्हायचं, एवढंच. गोल बाजारानंतर त्याला काम मिळालं.

आणि काम मिळाल्याबरोबर मशीन नडायला लागलं. सगळं चालायचं, तार टिकायची नाही. तारेला ताण हवा. तो कमी पडला तर तार मधोमध पोटासारखी मागे राहते, कोपऱ्यावर वळताना वरचं-खालचं टोक बरोबर वळतं आणि मधला भाग आळशासारखा आडवा निघून जातो. अशी कापलेली कडी तोंडाशी नीट जाई आणि अर्ध्यात अडके. अर्ध्यात अडकलेली कडी म्हणजे न बसलेली कडी. ताण वाढवला तर तार तुटे. चेतनानं स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचा आतला भाग काढून एका पुलीखाली बसवला होता. तारेची ओढ किती ग्रॅम, ते त्यावर दिसे. आठशे ग्रॅम हवी होती. तारेच्या रिळावर फेल्टची, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीची, पट्टी दाबून धरलेली, पट्टीचा स्क्रू पिळला की रीळ जड फिरे आणि तार ताठ होई. आठशेवर आणून ठेवलं की अर्धा तास छान जायचं, ठिणग्यांची बारीक चरचर एकसारखी ऐकू यायची, आणि मग कधीतरी, काहीही कारण नसताना, टिंग. तार तुटलेली. कधी दहाव्या मिनिटाला, कधी पन्नासाव्या. कारण सापडत नाही तोवर माणूस कारणं शोधत राहतो. तिनं विजेच्या दाबाला दोष दिला, पाण्याला दिला, तारेच्या कंपनीला दिला. एकदा तर दार उघडताना येणाऱ्या वाऱ्याला दिला आणि लोकेशला त्या खोलीत यायची बंदी केली.

तुटलेली तार पुन्हा ओवायला वीस मिनिटं लागत. त्या वीस मिनिटांत बोटं आपलं काम करत आणि मन भलतीकडे जाई. भलतीकडे म्हणजे नेहमी एकाच ठिकाणी. बाबांचा खांदा. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करत. सकाळी कामावर जाताना ते तिला खांद्यावर घेऊन रूळ ओलांडत आणि शाळेच्या दारात उतरवत. खांद्यावरून दिसणारी गुढियारी तिला अजून आठवत होती: कौलं, कौलांवर वाळत घातलेल्या मिरच्या, धक्क्यावरच्या पोत्यांच्या थप्प्या आणि थप्प्यांवर झोपलेली मांजरं. खालून चालणाऱ्या मुलांना यातलं काही दिसत नसे. बाबांच्या सदऱ्याला बारदानाचा वास यायचा आणि तो वास म्हणजे उंची, असं तिच्या अंगात बसलं होतं. मग ती अकरा वर्षांची झाली. एक दिवस शाळेच्या दाराशी मोठ्या वर्गातल्या पोरी तिच्याकडे बघून काहीतरी कुजबुजल्या आणि दुसऱ्या सकाळी रुळापाशी ती बाबांना म्हणाली, "मले खाली ठेवा. मी चालीन." बाबा वाकले. खाली ठेवलं. त्या दिवशी शाळेची दुसरी घंटा झाल्यावर ती पोचली. बाबा तिच्यापुढे सात-आठ पावलं अंतर ठेवून इतके हळू चालत होते की त्यांना धक्क्यावर खाडा लागला. पुढे तिला कुणी कधी उचललं नाही. तिनं उचलू दिलं नाही. पडली तर आपली आपण उठायची, हात पुढे आला तर "राहू द्या" म्हणायची. चव्वेचाळीस वर्षं. आणि एका हातगाडीवाल्यानं न विचारता तिला उचललं, तेव्हा तिला लाज वाटायला हवी होती, संताप यायला हवा होता, आणि ते दोन्ही आले, पण मागाहून. सगळ्यात आधी, त्या पहिल्या दोन-तीन पावलांत, तिचं अंग सैल पडलं होतं. मान आपोआप त्या परक्या खांद्याकडे कलली होती. बरं वाटलं होतं. इथवर विचार आला की चेतना तार ओवायची थांबायची आणि पाण्याच्या टाकीत उगीच बघत बसायची.

रविवारी आबोली आली. तिची मुलगी, सत्तावीस वर्षांची, नवा रायपूरला एका ऑफिसात संगणकाचं काम करायची आणि चौबे कॉलनीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. आईचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई. तिनं मशीन बघितलं, काट्यावरचे आकडे बघितले आणि म्हणाली, "मम्मी, ये तो कंप्यूटर को करने दो न. वजन बढ़ा तो मोटर ढील देगी, कम हुआ तो खींचेगी." दुपारभर दोघी जमिनीवर आणि स्टुलावर बसून तारा जोडत राहिल्या. फेल्टच्या जागी मोटर आली. आबोलीनं प्रोग्राम लिहिला. सुरू केल्याबरोबर आकडा आठशेवर गेला, नऊशेवर गेला, सहाशेवर आला, पुन्हा नऊशे, आणि रीळ पाळण्यासारखं पुढे-मागे डोलायला लागलं. आबोली हसता हसता आडवी झाली. "ये तो झूला झूल रही है!" मग तिनं आकडे बदलले, डोलणं कमी झालं. पुढचे दोन रविवारही ती आली, बदलत राहिली. आता मशीन तासभर टिकायला लागलं. पण टिंग व्हायचंच. तिसऱ्या रविवारी जाताना दारात चपला घालत ती म्हणाली, "मम्मी, बुरा मत मानना. पापा ने व्हीलचेयर देखी है. बाज़ार-वाज़ार के लिए. अच्छी है, फोल्ड होती है."

चेतनानं बुरा मानला. आबोली गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. लोकेश पोह्यांना फोडणी देत होता. निवृत्तीनंतर संध्याकाळचं खाणं त्यानं आपल्याकडे घेतलं होतं आणि त्यात त्याचा हात खरंच चांगला होता.

"व्हीलचेअर काहून पाहिली तुम्ही?"

त्यानं गॅस बारीक केला. "पाहिलीच. घेतली कुठं?"

"मले न विचारता?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हटलं असतं तू."

"मग? नाही म्हटलं असतं तर नाही. मले कोनी उचलून इकडून तिकडं ठेवलेलं चालत नाही, इतक्या वर्षांत समजलं नाही तुम्हाले?"

लोकेशनं झारा ताटलीत ठेवला. तो सहसा आवाज चढवत नसे, आताही नाही चढवला. "अठ्ठावीस वर्षं झाले लग्नाले. मी कधी उचललं तुले? एकदा तरी? आबोलीच्या वेळेस दवाखान्यात कळा येऊन राहिल्या होत्या, तवाबी तू जिना चढत गेली, अन मी मांगून हात पसरून. पडली तर धरावं म्हनून. पडली नाही तू. माह्या हाताले तसंच रिकामं ठेवलं तू." मग त्याला आपण फार बोललो असं वाटलं असावं, कारण तो पोह्यांवर झाकण ठेवून कोथिंबीर निवडायला बसला. चेतना ओट्याला टेकून उभी राहिली. त्या जिन्यावर मागे कुणी हात पसरून चढत होतं हे तिला माहीतच नव्हतं. मागे वळून बघायची तिची रीत नव्हती. ती म्हणाली, "जळून राहिले पोहे." "नाही जळत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी होती. चेतना मशीनपुढे बसली आणि तिनं हाक मारली, "या, बसायचं तर बसा." बंदी उठली होती. लोकेश खुर्ची घेऊन आला. तिनं मोटर काढून पुन्हा फेल्टची पट्टी लावली होती. निदान ती डोलत तरी नव्हती. काट्यावर आठशे दहा, आठशे, सातशे नव्वद. सगळं ठीक. लोकेश काट्याकडे बघत नव्हता. त्यानं एक बोट पुलीच्या खांबावर टेकवून ठेवलं होतं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. "काय करून राहिले?" "थांब." पाच मिनिटांनी तो म्हणाला, "झटका येऊन राहिला. बारा सेकंदांनी. दर बारा सेकंदांनी एक."

"कुठं? काट्यावर तर काहीच नाही."

"तुहा काटा दाखवते सावकाश. झटका येऊन जाते." तो खुर्चीत सावरून बसला. तेहतीस वर्षं त्यानं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. "हे पाय, गाडी निंगते ना, तवा इंजिनले वाटते आपन हळू निंगलो. पन पन्नास डबे, दर डब्याच्या कपलिंगमधी जराशी ढील. ते एकेक करून तानत येते, अन शेवटी मांगच्या डब्यात गार्डले असा झटका बसते की चहा सांडते. कपलिंग वजनानं नाही तुटत. पाच हजार टन ओढते ते. तुटते ते झटक्यानं."

चेतनानं रिळाकडे बघितलं. रीळ मिनिटाला पाच फेरे फिरत होतं. बारा सेकंदांना एक. तिनं मशीन बंद केलं, रीळ हातानं सावकाश फिरवलं, आणि एका जागी फेल्ट किंचित अडकल्याचं बोटाला जाणवलं. रीळच मुळी अगदी गोल नव्हतं. प्लॅस्टिकचं, पार्सलात कुठेतरी दबलेलं. दर फेऱ्याला तिथे क्षणभर पकड घट्ट होत होती आणि आठशे ग्रॅमचे बाराशे-तेराशे होत होते, काट्याला कळायच्या आत. बहुतेक वेळा तार ते सोसत होती. नेमकी त्याच वेळी ठिणगी जोराची पडली की तुटत होती. इतकं साधं. तिला हसू आलं आणि थोडा रागही आला, कारण बोट टेकवून बघायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं आकडे बघितले होते.

नवं रीळ मागवता आलं असतं. पण दुसरंही थोडंफार वाकडंच येणार. त्या रात्री ती नीट झोपली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात, स्क्रीनवर वॅगनच्या ब्रेकचं एक जुनं ड्रॉइंग दुरुस्त करताना, तिचा हात थांबला. रिकाम्या वॅगनला ब्रेक कमी लागतो, भरलेल्याला जास्त. वॅगन भरली की तिच्या वजनानं स्प्रिंग दबतात, एक दांडी सरकते आणि ब्रेकचा जोर आपोआप बदलतो. मोटर नाही, प्रोग्राम नाही, कुणी बघत बसत नाही. ती दांडी चेतनानं शेकडो वेळा काढली होती. तिची लांबी, भोकाचा व्यास, वाकण्याचा कोन तिला तोंडपाठ होता, आणि ती काय करते हे माहीत असूनही आज पहिल्यांदा दिसल्यासारखी दिसली. जेवणाच्या सुट्टीत तिनं एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलनं आकृती काढली. रीळ आणि मशीन यांच्यामध्ये एक झुलता हात. हाताच्या टोकाला छोटी पुली, तार तिच्याखालून जाणारी. हाताला लटकवलेला एक डबा, डब्यात वजन. तार ताणली गेली की हात वर उचलला जाईल, आणि हात वर गेला की एका दोरीनं फेल्टची पट्टी रिळावरून सुटेल. तार सैल पडली की हात खाली येईल, पट्टी पुन्हा धरेल. झटका आला तर तो तारेला बसायच्या आत हात हलून घेईल. ताण किती, ते फक्त डब्यातल्या वजनावर. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "मॅडम, घर का काम?" "हव," ती म्हणाली, "घरचंच."

ॲल्युमिनियमची पट्टी, दोन बेअरिंग, हळदीचा रिकामा डबा. चार संध्याकाळी त्यात गेल्या. डब्यात वॉशर टाकायचं काम लोकेशकडे होतं; काट्यावर बघून ती "अजून एक" म्हणे, तो टाके, ती "बस" म्हणे. आठशेवर आणून तिनं मशीन चालू केलं. हात दर बारा सेकंदांनी मान डोलवल्यासारखा अर्धा इंच वर जाई आणि खाली येई. तार मात्र हलत नव्हती. भंगारातल्या एका तुकड्यावर दोन तास चालवून पाहिलं. टिंग झालं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता तिनं खरी कडी लावली. पोलाद आधीच पक्कं करून आणलेलं, मधे तार ओवण्यापुरतं भोक पाडलेलं. आकार यावेळी ड्रॉइंगमधला नव्हता. मारोतीकाकांकडे बसून, त्यांनी सांगितलं तिथे तिथे माप घेऊन, चारही कडा चार परीच्या तिनं तशाच संगणकात घातल्या होत्या. दोन तास चाळीस मिनिटं लागणार होती. लोकेश चहा घेऊन आला आणि तिथेच बसला. ठिणगी पाण्याखाली निळी दिसत होती. चरचर एकसारखी, कढईत मोहरी मंद तडतडावी तशी, पण न थांबणारी. पहिल्या कोपऱ्यावर दोघंही बोलायचे थांबले. तार वळली. पुढे गेली. दुसरा कोपरा व्हायच्या आधी कधीतरी, तारेवरची नजर न काढता, चेतना म्हणाली, "त्या दिवशी गोल बाजारात त्या मानसानं उचललं ना मले."

"हव. कडी सरकली म्हनालीस."

"मले बरं वाटलं होतं."

झुलता हात वर गेला, खाली आला. "म्हंजे लाजबी वाटली," ती म्हणाली, "पन मागून. पहिले बरं वाटलं. बाबा न्यायचे ना, तसं. अन मग दोन महिने मी सोताचाच राग करून राहिली."

"मले सांगायचं नाही काय?"

"सांगून राहिली ना."

त्यानं कपातला उरलेला चहा संपवला. "मले वाटलं होतं," तो म्हणाला, "तुले काहीतरी दुखून राहिलं, अन सांगून नाही राहिली." मग दोघं तिसऱ्या कोपऱ्याकडे बघत बसले. चेतनाला वाटलं होतं की हे बोलल्यावर काहीतरी होईल, छातीत धडधड होईल, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. पाय मोकळा होता, खिडकीतून थंडीतलं ऊन स्टुलापर्यंत आलं होतं, नवरा शेजारी बसून वॉशर बोटांत फिरवत होता, आणि तार कापत होती. बस्स. एक वाजायला वीस मिनिटं कमी असताना मधला तुकडा सुटला आणि टाकीच्या तळाशी गेला. तार अखंड होती.

मारोतीकाकांना लोकेश स्कूटरवर घेऊन आला. त्यांनी कडी पुसली, डोळ्याजवळ नेली, आतल्या कोपऱ्यांत नख फिरवलं. मग थरथरत्या हातानं कॅलिपरच्या सांध्याची पिन काढली, कडी पट्टीत घातली, पिन पुन्हा बसवली आणि सांधा सरळ केला. कडी सरसर घसरली आणि मधे कुठेही न थांबता तळाशी जाऊन बसली. त्यांनी ती वर ओढून सोडली. पुन्हा ओढून सोडली. सात-आठ वेळा. "माही कडी वरसभर चालत होती," ते म्हणाले. "हे कितीक चालन?"

"माहीत नाही काका."

"माह्यापेक्षा जास्त चालन," ते म्हणाले आणि तोंडभर हसले. मग त्यांना पोहे हवे होते, ते लोकेशनं करून दिले. दोन बशा खाऊन झाल्यावर त्यांनी ठिणगी कशी पडते ते दाखवायला सांगितलं आणि अर्धा तास टाकीवर वाकून लहान मुलासारखे बघत राहिले.

साडेचारच्या सुमाराला, काकांना सोडायला लोकेश गेल्यावर, चेतना एकटीच गल्लीत निघाली. काही आणायचं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत जावं आणि यावं. पहिली वीस पावलं तिचं सगळं लक्ष गुडघ्यात होतं. कडी बसलेली. पुढची वीस. बसलेली. कोपऱ्यावरच्या घराच्या दारात विमला मटार सोलत होती. तिला बघून म्हणाली, "काय व चेतनाबाई, आज इकडं कसं? बरं झालं आली. तुले सांगायचंच होतं. माही नणंद आली ना राजनांदगाववरून."

"कधी?"

"परवा. अन आल्या आल्या माहं सगळं किचन बदलून टाकलं तिनं! मी अंघोळीले गेली, बाहेर येऊन पाहते तं डाळी वर, तांदूळ खाली, चहापत्ती सापडत नाही. म्हने, भाभी, आपका सिस्टम गलत है. माहं सिस्टम! सतरा वर्षांचं!" विमला सांगत गेली. नणंदेनं मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्यांतल्या तीन चुकीच्या होत्या, आणि त्या पायी काल वरणात साखर पडली होती. सासरे ते वरण वाखाणत दोन वाट्या प्यायले होते. चेतना हसता हसता भिंतीला हात लावणार होती, पण हात लावायचा राहून गेला. शाळेतून सुटलेली पोरं सायकली दामटत गेली, एक मालगाडी लांबलचक वाजत गेली, सोललेल्या मटारांची परात भरत आली. लोकेशची स्कूटर गल्लीत शिरली आणि तिच्यापाशी थांबली.

"किती वेळची उभी हायेस इथं?"

चेतनानं त्याच्याकडे बघितलं. मग खाली, साडीच्या काठाकडे. "काय माहीत," ती म्हणाली, आणि खरंच तिला माहीत नव्हतं. तिनं विमलाच्या परातीतले चार दाणे उचलून तोंडात टाकले.

"हं विमला, मग वरणाचं काय सांगितलं तू सासऱ्याले?"